खुशालीचे पत्र

दिवाळी अंक हाती आला की मी आधी अनुक्रमणिका उघडतो आणि ‘परदेशातले माझे पहिले दिवस’ या जातीचा एखादा लेख आहे का ते पाहतो. बहुधा असतो. फराळाची बशी मध्ये ठेवून घरातल्या एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, असाच तो लिहिलेला असतो. त्याचे साहित्यही आता ठरून गेले आहे. विमानतळावर न सापडलेली पेटी, न कळलेले उच्चार, पहिला बर्फ, खडूस निघालेली आणि मग प्रेमळ ठरलेली घरमालकीण, करपलेला पहिला भात, आणि शेवटी त्या परक्या शहराविषयी दाटून आलेली आपुलकी. मी हे लेख आवडीने वाचतो, हसतोही. पण पन्नासाहून अधिक वर्षे ते वाचल्यावर मनात एक तक्रार साचली आहे. सणाच्या दिवशी तक्रार करू नये म्हणतात. पण घरच्या माणसांपाशी केलेली चालते, आणि दिवाळी अंकाचा वाचक मला घरचाच वाटतो.

मी काही व्यवसायाने टीकाकार नव्हे. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेला आणि सूत-कापडाच्याच धंद्यात केस पांढरे केलेला माणूस आहे. परंतु या विषयात बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे, कारण एक असे पत्र मी स्वतः लिहिले आहे आणि ते आजही माझ्यापाशी आहे.

१९७१ सालच्या ऑक्टोबरात कापडाचे शिक्षण घेण्यासाठी मी इंग्लंडमध्ये लीड्सला गेलो. त्या वेळच्या परकीय चलनाच्या नियमाप्रमाणे माझ्या खिशात रोख तीन पौंड होते. पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी मी घरी निळे हवाई पत्र टाकले. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत, एका बिस्किटांच्या डब्यात, ते मला सापडले. मजकूर असा: ‘ती. सौ. आईस सा. न. वि. वि. मी सुखरूप पोहोचलो. प्रवासात काही त्रास झाला नाही. खोली उत्तम आहे. जेवणाची सोय चांगली आहे. हवा थोडी गार आहे, पण सोसवते. माझी काळजी करू नये.’

आता खरे सांगतो. खोलीत गॅसची शेगडी होती. तिच्या मीटरमध्ये नाणे टाकल्याखेरीज ती पेटत नसे. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला इंग्लंडचे चलन दशमान झाले होते आणि जुना शिलिंगच पाच पेन्स म्हणून चालत होता. पण कोणते नाणे कशाचे, हे मला कळेना, आणि विचारायची लाज वाटे. म्हणून पहिले चार दिवस शेगडी पेटली नाही. जेवणाची ‘सोय’ म्हणजे पाव, केळी आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी. मीटर कसा चालवायचा हे शेजारच्या खोलीतल्या एका नायजेरियन विद्यार्थ्याने पाचव्या दिवशी दाखवले. ते पत्र मी कोट घालून, हातमोजे चढवून लिहिले होते. त्यातले पहिले वाक्य तेवढे खरे होते.

पुढे काही वर्षांनी मित्रमंडळींत मी हीच हकीकत रंगवून सांगू लागलो. मीटरची फजिती सांगताना लोक पोट धरून हसत. एके दिवशी माझ्या ध्यानात आले, की ही हकीकतही खोटीच आहे. पत्रात मी भीती लपवली ती आईसाठी. बैठकीत ती विनोदाखाली लपवली ती माझ्यासाठी. माझी तक्रार इथेच सुरू होते. पहिल्या दिवसांविषयीचे आपले बहुतेक वाङ्मय या दोन खोट्यांपैकी एका जातीचे आहे: एक तर खुशालीचे पत्र, नाही तर फजितीची बैठक. ज्या थोड्या लिखाणांत या दोहोंच्या मागचा माणूस दिसतो, ती मला मोलाची वाटतात. त्यांतली काही वाचकांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण गांधीजींचे. मूळ गुजरातीत १९२५ पासून ‘नवजीवन’मधून प्रकरणशः आलेली त्यांची आत्मकथा मराठी घरांत ‘सत्याचे प्रयोग’ म्हणून पोहोचली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघालेला, एकोणिसावे वर्ष पुरे व्हायचे असलेला तो मुलगा बोटीवर काट्याचमच्यांना बुजून आपल्या खोलीतच खातो. सप्टेंबरअखेर किनाऱ्याला लागताना, उतरताना पांढरे कपडे शोभतील अशा समजुतीने जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख चढवतो, आणि त्या वेषात आपण एकटेच आहोत हे पाहून खजील होतो. डॉक्टर प्राणजीवन मेहता भेटायला येतात, तर हा त्यांच्या उंच टोपीवरून उलटा हात फिरवून तिची लव विस्कटून टाकतो.

इथपर्यंत ही आपली ओळखीची फजितीच आहे. एखादा लेखक इथेच थांबला असता आणि टाळ्या घेऊन गेला असता. गांधीजी थांबत नाहीत. रात्री आईची आठवण येऊन आपण रडत असू, आणि ते दुःख कोणाला सांगण्याजोगेही नव्हते, हे ते साध्या शब्दांत नोंदवतात. आईसमोर घेतलेली मांस-मद्याची शपथ त्या परमुलखात कशी भुकेच्या रूपाने भेटली, तेही सांगतात. पन्नाशी उलटलेला, देशभर मान पावलेला माणूस हे लिहितो आहे. त्या मुलाची कीव करावी किंवा त्याला थोर दाखवावे, असा मोह त्यांना पडत नाही. टोपीची लव आणि रात्रीचे अश्रू ते एकाच वजनाने सांगतात. म्हणून दोन्ही खरे वाटतात.

यानंतर विनोदाकडे वळतो, कारण मघाशी मी बैठकीतल्या विनोदाला खोटे म्हटले आणि त्यावर कोणी ‘अपूर्वाई’चे नाव घेईल. पु. ल. देशपांडे यांचे हे पुस्तक १९६० साली आले. तेही शिकायलाच गेले होते, बी.बी.सी.मध्ये. पण चाळिशीला टेकलेला, जोडीला पत्नी असलेला, नाव मिळवलेला तो विद्यार्थी होता. त्याच्या पायाखालची जमीन पक्की होती, आणि म्हणूनच त्याला स्वतःला हसणे परवडत होते. त्या हसण्यात लपवण्यासारखे काही नव्हते. दोष असेल तर तो आपल्यासारख्या अनुकरण करणाऱ्यांचा. बावीस वर्षांच्या एकट्या मुलाच्या अनुभवाला आपण चाळिशीच्या जाणत्या माणसाचा विनोद चढवला. कपडा उत्तम होता. पण मापाचा नव्हता.

आता थोडे मागे, १८८३ सालाकडे जातो. त्या एका वर्षात दोन मराठी स्त्रिया शिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेल्या, आणि दोघींचे लेखन आपल्याला लाभले आहे.

पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. पती वारलेले, मुलगी मनोरमा दोन वर्षांची. जाण्याचा खर्च ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केलेला. वाँटेज येथील मठात त्या राहिल्या, आणि हिंदुस्थानात यायला निघालेल्या तिथल्या भगिनींना मराठी शिकवून त्यांनी आपल्या राहण्याची भरपाई केली. परदेशात मराठी शिकवून शिकणारी ही विद्यार्थिनी आपल्या लेखांतून कधी का डोकावत नाही, याचे मला नवल वाटते. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा बेत पुढे सोडावा लागला.

‘इंग्लंडचा प्रवास’ ही त्यांची पुस्तिका त्याच वर्षीची. सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेल्या पत्राचे तिचे रूप आहे. भाषा स्वच्छ, दृष्टी चौकस, युक्तिवाद कणखर. पण मी ती वाचतो तेव्हा मला सारखे वाटत राहते, की हे पत्र एका माणसाला लिहिलेले असले तरी उत्तर साऱ्या समाजाला दिलेले आहे. एकट्या विधवेने परदेशी का जावे, हा प्रश्न ज्या समाजाने तिच्यापुढे टाकला होता, त्याच्याशी बोलताना ती ‘मला भीती वाटते’ असे लिहिणार कशी? भीतीची कबुली दिली असती तर तिच्या मागून निघू पाहणाऱ्या प्रत्येकीची वाट बंद झाली असती. त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे गदारोळ उठला. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तर तिथे त्या पहिल्या काही महिन्यांतच आपल्या हाताने आयुष्य संपवले. त्यांच्या हातचे त्या दिवसांचे एकही पान माझ्या वाचनात आलेले नाही. खुशालीच्या पत्रांवरच भिस्त ठेवणाऱ्या वाङ्मयात असे एखादे माणूस मागे काहीच न ठेवता नाहीसे होते, हे सणाच्या दिवशीही विसरू नये असे मला वाटते.

दुसरी स्त्री आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. बरोबर आपले माणूस कोणी नाही. उतरवून घ्यायला आल्या मिसेस कार्पेंटर, ज्यांच्याशी तोवर केवळ पत्रांची ओळख. दंतवैद्याकडे बसल्या असता एका नियतकालिकात गोपाळरावांचे पत्र त्यांच्या नजरेला पडले होते, एवढ्यावरून जुळलेला हा जिव्हाळा! न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्या घरी आनंदीबाई राहिली, आणि मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली.

नवरा टपाल खात्यात आणि संसार टपालावर, असे त्या दोघांचे झाले. तिची पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकांपुढे आली. ती खुशालीचीच पत्रे आहेत, पण वाचणारा गोपाळरावांसारखा असल्यामुळे त्यांना निराळेच वळण मिळाले आहे. ज्याने हट्टाने शिकवले, हट्टाने धाडले, आणि दूर गेल्यावर जो संशयाने आणि टोचून लिहू लागला, अशा माणसाला ती उत्तर देते आहे. कपडे काय घालते, खाते काय, वागते कशी, याचा खुलासा करता करता ती मुलगी ओळीओळीने मोठी होत जाते. थंडीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने पातळ नेसावे, ही आपल्याला साधी गोष्ट वाटते. तिला त्यासाठी समुद्रापार युक्तिवाद पाठवावा लागला. फिलाडेल्फियातल्या खोलीतली शेकोटी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. तिच्याविषयी वाचताना मला माझी शेगडी आठवते आणि शरम वाटते. माझ्या आणि उबेच्या मध्ये पाच पेन्सचे नाणे होते. ती मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, क्षयाने पुण्यात वारली.

तिच्यावरची श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. घरोघर वाचली गेलेली. तिच्यातला ओघ आणि गोपाळरावांचे विक्षिप्त, दयनीय, तरी सच्चे व्यक्तिचित्र यांना तोड नाही. पण माझ्या विषयापुरते बोलायचे तर कादंबरीचा जीव त्या दोघांच्या नात्यात आहे. त्यामुळे रोझेलच्या घरात एकटी बसलेली मुलगी त्या नात्याच्या उजेडातच दिसते. तिचा स्वतःचा उजेड पत्रांत आहे. कादंबरी वाचून झाली असेल त्यांनी काशीबाईंचे चरित्र जरूर मिळवावे. दुसऱ्या एका स्त्रीने, घरातल्या बंधनांशी झगडत लिहिणे शिकलेल्या स्त्रीने, ते लिहिले आहे. न लिहिलेले वाचण्याची तिला सवय होती.

इथवर मी एक गोष्ट गृहीत धरून चाललो आहे: घर म्हणजे ऊब आणि परदेश म्हणजे गारठा. आमच्या सगळ्या दिवाळी अंकांनी हेच धरले आहे. हे गृहीत किती जणांचे आहे आणि किती जणांचे नाही, हे मला उतारवयात एका लहानशा लिखाणाने शिकवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या. परदेशातल्या पहिल्या दिवसांचे वर्णन वाचायला मिळेल म्हणून मी ते उघडले. तिथे भेटले ते परतीनंतरचे पहिले दिवस! परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे ते म्हणतात. आणि बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ‘आता उतरायचे कुठे?’ या प्रश्नाने ती परत येते. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत आसरा. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दाराशी आलेली माणसे. मग मुंबईची गाडी येईपर्यंत सार्वजनिक बागेत काढलेले तास.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. परमुलुख म्हणजे काय, अनोळखी गावात राहायला जागा न मिळणे म्हणजे काय, याचे इतके थेट वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. आणि ते गाव आपल्याच देशातले आहे. आम्ही वरणभाताच्या आठवणीने गहिवरतो, तेव्हा ज्याच्या गावानेच त्याला पंगतीबाहेर ठेवले त्याने कशाच्या आठवणीने गहिवरावे? पहिल्या दिवसांच्या लेखनाला मी आता हाच प्रश्न प्रथम विचारतो: लिहिणारा निघाला तो कुठून? तो घरी कोण होता, हे त्याने सांगितले नाही तर परदेशात तो काय झाला हे मला कळत नाही. पेटी हरवली हे समजते. काय हरवले ते समजत नाही.

आता कोणी म्हणेल, हे जुन्या टपालाच्या काळचे झाले. आज मूल विमानातून उतरताच फोनवर तोंड दाखवते. लपवायला जागाच कुठे उरली? मलाही तसेच वाटत होते. गेल्या वर्षी माझी नात जर्मनीत आखेनला शिकायला गेली. शनिवारी रात्री पोहोचली. रविवारी तिथली दुकाने बंद असतात, हे तिला ठाऊक असूनही घाईत ती विसरली होती. सोमवारी फोनवर हसतमुख चेहरा आला. ‘आजोबा, एकदम मजेत! खोली मस्त आहे, ही पाहा खिडकी, हे टेबल.’ मी खूश झालो. फोन ठेवल्यावर आमची मंडळी म्हणाली, ‘पोरीने घरात कोट का घातलाय? कालही तोच होता.’

दुसऱ्या दिवशी आजीने विचारले तेव्हा कळले, की भिंतीवरच्या तापवण्याच्या यंत्राची कळ कशी फिरवायची ते तिला उमगले नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. रविवार तिने मेतकूट आणि चुरमुऱ्यांवर काढला होता. चौपन्न वर्षांनी तीच शेगडी, तोच कोट आणि तेच पत्र! फरक इतकाच, की माझ्या पत्रातला कोट दिसत नव्हता.

असे मी समजत होतो. पण त्या बिस्किटांच्या डब्यावरून मला माझ्याही जुन्या कागदांची आठवण झाली, आणि आईने त्या वेळी धाडलेले उत्तर मी शोधून काढले. लीड्सला ते मिळाले तेव्हा घाईत वाचले होते. आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. गावची हकीकत, वडिलांचा गुडघा, शेजारचे लग्न, असे सगळे लिहून शेवटच्या दोन ओळी होत्या: ‘तुझे अक्षर असे हललेले कधी नसते. रात्री दोन पांघरुणे घेत जा.’

हवा ‘थोडी गार’ आहे एवढेच मी तिला लिहिले होते. बाकीचे तिने अक्षरावरून वाचले. मी इतकी पाने टीका म्हणून जे काही मांडले, ते तिने दोन ओळींत आणि मला न दुखावता करून ठेवले होते.

या अंकातही कदाचित पुढच्या पानांवर कोणाचे परदेशातले पहिले दिवस छापलेले असतील. जरूर वाचा, हसा. पण वाचून झाल्यावर एकदा पाहा, अक्षर कुठे हलले आहे का. आणि ज्यांच्या घरचे मूल यंदा दिवाळीला दूर आहे, त्यांनी आज फोनवर फराळाची ताटे दाखवून झाली की त्याला हळूच विचारावे: खोलीत ऊब आहे ना?

आमच्या नातीने त्या कोटाची हकीकत लिहून काढायला घेतली आहे. पहिले पान तिने मला धाडले. त्यात एकही विनोद नाही. मी तिला कळवले आहे, की घाई नको. विनोद मागाहून सुचेल.